कडेचा

प्रिय तिमोशा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. ईस्टर झालं की लिहितो असं मी म्हटलं होतं. ईस्टर गेलं, बटाटे लावून झाले, चेर्योमुखाची झाडं पांढरी झाली आणि दरवर्षीसारखा त्या फुलांबरोबर गारठाही परत आला, तरी माझा कागद कोराच. लिहायला बसत नव्हतो असं नाही. बसायचो. पण एक ओळ झाली की वाटायचं, स्टोव्ह चालू राहिला का बघून यावं. बघून आलो की वाटायचं, बागेतला पाण्याचा पाइप थंडीनं तडकेल, तो गुंडाळून ठेवावा. गुंडाळून येईपर्यंत लिहायचं ते पळून गेलेलं असायचं. तुझी आई म्हणायची, एफिमला काळजी करायला काही उरलं नाही, तर उरलं कसं नाही याची काळजी करेल. खोटं नव्हतं. आज मात्र ठरवून बसलोय. गावाबाहेर आपल्या बागेतल्या घरी, दाचावर आहे, पडवीत, मेणकापड घातलेल्या टेबलाशी. स्टोव्ह बंद आहे. आत्ताच बघून आलो.

इन्नाचा फोन आला होता. तुझी बायको उगीच तक्रार करणारी नाही, म्हणून तिचा आवाज ऐकताच मी आधी स्टोव्ह बंद केला. म्हणाली, हॉकी क्लबनं आणखी एक वर्ष देऊ केलंय, महिनाअखेरपर्यंत सही हवी आणि जुलैत सरावाची छावणी. 'पापा, तो सही करणार आहे. मी बोलले की हसतो आणि तुमच्या नातीला, निकाला, स्केटिंगला घेऊन जातो. तुम्हीच सांगा काहीतरी, तुमचं ऐकेल.' मी म्हटलं, बघतो. तुझं म्हणणं मला पाठ आहे. जानेवारीत सामन्यात ती धडक बसली तेव्हा दवाखान्यातूनच मला म्हणाला होतास, 'काही नाही रे पापा, डोकं जरा घुमतंय. हा हंगाम कडेचा, आणि मग पुढच्या वर्षी एक कडेचा.' मी विचारलं होतं, एका माणसाला दोन कडेचे हंगाम कसे रे? तर तू म्हणालास, 'रस्त्याला दोन कडा असतातच की.' मी हसलो होतो तेव्हा. तुझ्याशी फोनवर बोललो की माझं हे असं होतं. सांगायचं राहतं आणि हसणं होऊन जातं. शिवाय फोनवर बोललेलं हवेत जातं. पत्राचं बरं असतं, ते पुन्हा काढून वाचता येतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. ज्यांची नावं येतील ती माणसं कोण, तेही लिहीन. तुला ठाऊक आहेत, तरी लिहीन. म्हाताऱ्याची सवय समज.

तर आधी तो शब्द. मी सातवीनंतर शाळा सोडली, खाणीच्या शाळेत थोडं शिकलो आणि मिसरूड फुटायच्या आत खाली उतरलो. पहिल्याच पाळीला फादेइचबरोबर होतो. फादेइच म्हणजे आपल्या शेजारच्या जिन्यातला, डाव्या कानानं बहिरा, तो. कोळशाच्या गाड्या चालल्या होत्या आणि मी निरागसपणे विचारलं, ही शेवटची का? सगळ्या टोळीनं फावडी खाली ठेवली. फादेइचनं काळा झालेला हातमोजा सरळ माझ्या तोंडात कोंबला. म्हणाला, 'कडेची म्हण, गाढवा. शेवटची तुझ्या सासरी.' मला तेव्हा सासरही नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडातून तो दुसरा शब्द गेला. खाणीत कुणी तो उच्चारत नाही. कडेची गाडी, कडेची पाळी, पेन्शनीत निघणाऱ्या माणसाचा कडेचा दिवस. उच्चारला की वरचा दगड ऐकतो, असं म्हणतात. दगड ऐकतो की नाही मला माहीत नाही, पण त्याला कशाला ऐकवायचं? वर आल्यावरही सवय सुटली नाही. दवाखान्याच्या रांगेत मी विचारतो, कडेला कोण आहे? तिथे तुमच्या शाळेच्या आग्लाया बाई बसलेल्या असल्या की संपलंच. 'कडेला बाक आहे, एफिम. रांगेत माणूस शेवटचा असतो.' मी म्हणतो, बाई, मग ते तुम्हीच व्हा, मी कडेचा उभा राहतो.

तुझी आई खाणवाल्यांची नव्हती. झोया बेकरीतली, गव्हाच्या मुलखातून आलेली. तिच्याकडे शेवटचा पाव म्हणजे शेवटचा पाव, त्यानंतर भट्टी पुसायची. आपल्या घरात म्हणून दोन भाषा होत्या. माझी कडेची बस तिची शेवटची बस असायची, आणि गंमत म्हणजे दोघांचीही चुकायची. तू लहानपणी जेवायला त्रास द्यायचास. ती चमचा पुढे करून म्हणायची, हा शेवटचा, आणि तू तोंड उघडायचास, कारण तिचा शेवटचा खरंच शेवटचा असायचा. मी भरवायला बसलो की म्हणायचो, हा कडेचा. मग आणखी एक कडेचा. मग आणखी एक. एकदा तू चमचा हातानं धरून मला म्हणालास, 'पापा, तुझी कड संपतच नाही.' तुझी आई हसत हसत खाली बसली होती. तिनं ते वाक्य पुढं किती वर्षं माझ्या तोंडावर मारलं. परवा बटाटे लावताना मला ते एकदम आठवलं आणि मी वाफ्यात कुदळ टेकून उभाच राहिलो.

आपल्या अंगणातला खोका आठवतो ना? तीन इमारतींच्या मधे लाकडी फळ्यांचं कुंपण, पहिला कडक गारठा पडला की त्यात नळीनं पाणी सोडायचं. नळी फादेइच धरायचा आणि माझ्या बुटांवर पाणी सोडायचा. तुला मावसभावाचे स्केट्स मोठे व्हायचे म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबायचो, आणि तुझ्या आईनं माझं खाणीतलं जुनं कापसाचं जाकीट फाडून नडग्यांना बांधायला गाद्या शिवल्या होत्या. मोठी पोरं तुला मधे येऊ देत नसत. मधे आलास की आडवा करायची. म्हणून तू फळीला चिकटून पळायचास, उंदीर भिंतीकडेनं पळतो तसा, आणि चकती फळीवर आपटून परत आली की ती तुझीच. लिओन्तिचांनी तुला तिथेच पाहिलं. लिओन्तिच म्हणजे क्रीडाशाळेतले तुझे पहिले कोच, जे बोलताना शिट्टी तोंडातून काढत नसत. मला म्हणाले, 'तुमचं पोरगं जन्माचं कडेचं आहे.' हॉकीत आघाडीच्या बाजूच्या खेळाडूला कडेचा म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी धावत घरी गेलो. झोयाला म्हटलं, ऐकलंस का, आपल्या पोराला आता जन्मभर कुणी तो दुसरा शब्द लावू शकणार नाही. ती कणीक मळत होती. म्हणाली, 'फळीवर कुणी आपटला की कळेल तुला कडेचा म्हणजे काय.' आणि मग, हात न थांबवता, 'जाऊ दे पोराला. पण टोपी नीट बांधून.'

तिथून पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. तरी माझ्या बाजूनं लिहितो. पहाटेची बस, तुझी पिशवी तुझ्याहून मोठी. मग मोठ्या शहरातल्या क्लबचं वसतिगृह. तू सोळाचा आणि तुझी आई दर रविवारी आगगाडीच्या डब्यावरच्या बाईच्या हाती तुला कोबीचं सारण भरून भाजलेले पिरोश्की पाठवायची. निम्मे ती बाईच खात असणार. वरच्या लीगमधला तुझा पहिला सामना आम्ही फादेइचच्या टीव्हीवर पाहिला. तू बर्फावर उतरलास आणि माझी पापणी लवेपर्यंत परतही गेलास. फादेइच म्हणाला, 'हा नव्हेच तो, हा कुणी तरी जाडा आहे.' पहिला गोल आला तो चकती तुझ्या पार्श्वभागाला लागून. तू जाळीकडे पाठ करून भांडत होतास, आणि मागून कुणीतरी मारलेली चकती तुला लागून आत गेली. तुला कळलंही नव्हतं. फादेइच अजून ज्याला त्याला सांगतो की आपल्या कोल्चुगिनांच्या पोराचा सगळ्यात अचूक अवयव कोणता.

मग समुद्रापलीकडच्या लीगवाल्यांनी तुला निवडलं, नव्या पोरांच्या यादीत इतक्या खाली की तुझी आई म्हणाली, थकून घरी जायच्या आधी हाच दिसला असेल त्यांना. दोन हिवाळे तू तिकडच्या एका लहान गावात त्यांच्या दुय्यम संघात काढलेस. लिहायचास, इथला पाव गोड आहे आणि लोक कसे आहात विचारतात पण उत्तर ऐकायला थांबत नाहीत. परत आलास तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि तुझ्यासमोर मात्र तोंड पाडून बसलो, तुला वाईट वाटू नये म्हणून. व्होल्गाकाठच्या क्लबातली वर्षं तुझी सगळ्यात चांगली. तिथे तू मोठा झालास, तिथे इन्ना भेटली, तिथे तो चषक मिळाला. एका दिवसासाठी तू तो आपल्या गावी, कामेन्नी लोगला आणलास. सगळा जिना रांगेत उभा होता, मी विचारलं कडेला कोण, आणि त्या दिवशी आग्लाया बाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. पोरांनी त्यातून पावापासून आंबवलेला क्वास प्यायला. तुझी आई फडकं घेऊन बाजूला उभी, प्रत्येक घोटानंतर काठ पुसत होती. फोटोत ती चषकाकडे बघत नाहीये, फडक्याकडे बघतेय. देशाच्या संघात एक वसंत ऋतू खेळलास, तो सदरा माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या बदलतो मी दरवर्षी.

पुढे गुडघा गेला. मग ओम्स्क, मग पार पूर्वेचं खबारोव्स्क, जिथले संध्याकाळचे सामने मी इथे दुपारचं सूप पिता पिता बघायचो. मग खालची लीग. पहिल्यांदा एका पत्रकार मुलीनं तुला विचारलं, हा शेवटचा हंगाम का? तू हेल्मेट काखेत धरून म्हणालास, 'आमच्या घरी तो शब्द चालत नाही. कडेचा म्हणा.' आमची सगळी इमारत माझं अभिनंदन करायला आली. फादेइच म्हणाला, 'एफिम, तू टीव्हीवर आला नाहीस, पण तुझा शब्द आला.' मी छाती काढून फिरलो. पुढच्या वर्षी तू पुन्हा तेच म्हणालास. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर शरदात एक कडेचा. मला ते मोजताना चमच्याची आठवण व्हायला हवी होती, पण झाली नाही. बाप असल्या वेळी फक्त एवढंच बघतो की पोरगं अजून पळतंय.

तुझी आई जाऊन आता तिसरा हिवाळा झाला. मी हे मुद्दाम स्वच्छ लिहितो. तू आला होतास. जमीन गोठलेली होती, खोदणाऱ्यांनी आदल्या दिवशी तिथे टायर जाळून माती मऊ केली होती, आणि तू डोक्यावर टोपी घालेनास म्हणून मी तुझ्यावर ओरडलो, थडग्यापाशी. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात इथेच, याच पडवीत, ती रास्पबेरीचा मुरांबा करत होती. एका बरणीवर झाकण फिरवून म्हणाली, 'एफिम, ही शेवटची.' अरिष्ट टळावं म्हणून मी उठून लाकडावर टकटक केलं, डाव्या खांद्यावरून थुंकलो, तिला दटावलं. ती म्हणाली, 'अरे, रास्पबेरी संपली म्हणून शेवटची.' आणि थोड्या वेळानं, हात धुताना, 'आणि मीही जरा दमलेय.' डॉक्टरनं तिला काय सांगितलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, तिला होतं. त्यानंतर तिनं काय काय केलं ते मला मागाहून उमगलं. मला कोबीचं सूप शिकवलं. हिवाळी कोट तमाराला देऊन टाकला. तमारा म्हणजे आपल्याच मजल्यावरची, समोरच्या दाराची. तुझे लहानपणचे मोजे उसवून निकाला हातमोजे विणले. गॅसचा कॉक कुठे फिरवायचा ते मला इतक्यांदा दाखवलं की मी चिडलो. ती गेली आणि मी तिच्यावर पूर्ण हिवाळाभर रागावलो होतो. वाटायचं, तोच शब्द बोलली, त्यानंच घात केला. थडग्यावर जाऊनसुद्धा मी तिच्याशी कुरकुर करायचो. आता तसं वाटत नाही. तिनं शब्द उच्चारला म्हणून काही आलं नाही. जे आलंच होतं त्याच्याकडे तिनं बघितलं, म्हणून तिला सगळं जागच्या जागी ठेवायला वेळ मिळाला. मी दार अर्धवट लोटून ठेवणारा माणूस आहे, आणि मग वारा येतो म्हणून कुरकुरणारा.

जानेवारीतला तो सामना मी फादेइचकडेच पाहिला. चकती तुझ्याकडे नव्हतीसुद्धा, ती केव्हाच पुढे गेली होती. तू फळीपाशी मान वळवून बघत होतास आणि तो धिप्पाड पोरगा येऊन आदळला. तू पडलास, उठलास, हात वर करून दाखवलंस की ठीक आहे. मग हळूहळू घसरत गेलास आणि बाकावर जाऊन बसलास. त्यांच्या बाकावर, तिमोशा. निळ्या सदऱ्यांच्या रांगेत तू एकटा लाल. त्यांच्यातल्या एकानं सरकून तुला जागाही दिली. सगळं मैदान हसलं, टीव्हीवर बोलणारा हसला. फादेइच म्हणाला, 'तिकडे पगार बरा दिसतोय.' मीही हसलो. तू पाण्याची बाटली घेतलीस, प्यायलास, आणि तुमच्या माणसानं येऊन कोपराला धरून नेईपर्यंत शांत बसून होतास, जसं काही तुझी नेहमीचीच जागा. घरी येताना जिन्यात माझं हसू गेलं. नंतर तुम्ही म्हणालात विश्रांती दिली, तपासलं, बरं आहे. मार्चमध्ये तू पुन्हा उतरलास, सामने खेळलास, हंगाम संपला. इन्ना सांगते की एप्रिलमध्ये एकदा तू गाडी घेऊन तुमच्या जुन्या घरी गेलास, जे सोडून वर्षं झाली, आणि तिथल्या दाराला किल्ली लावत होतास. आतून कुणी बाई आली तेव्हा तू तिलाच विचारलंस, काही हवंय का? घरी येऊन तू ती गोष्ट विनोद म्हणून सांगितलीस. चांगली सांगितली असशील, तुला गोष्टी सांगता येतात.

आता मी जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो, इन्नाला नाही, फादेइचलाही नाही. ईस्टरच्या रविवारी तू फोन केलास. ख्रिस्त उठला म्हणालास, मी खरोखर उठला म्हणालो, दर ईस्टरला म्हणतो तसं. निकाच्या दातांविषयी बोललास, इथे बर्फ वितळला का विचारलंस. मग म्हणालास, 'बरं पापा, आईला दे जरा.' अगदी सहज, जसं वर्षानुवर्षं म्हणायचास. मी फोन हातात घेऊन उभा, समोर तमारानं आणून दिलेला ईस्टरचा पाव, आणि मी कशाला कोण जाणे, स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मग म्हणालो, 'ती तमाराकडे गेलीय.' तू म्हणालास, 'असू दे. तिला सांग, मुरांब्याची बरणी उघडली. या वेळी फार छान जमलाय.' आणि फोन ठेवलास. ती बरणी म्हणजे आईची तीच, अंत्यविधीनंतर मी तुझ्या पिशवीत घातलेली, हे तुला कळलं असेलच असं वाटून मी संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसलो, की तुला आठवेल आणि तू परत करशील. केला नाहीस. पुढच्या वेळी बोललास तेव्हा सगळं नीट होतं, आईच्या थडग्यावरच्या कुंपणाला रंग द्यायला हवा असंही तूच म्हणालास. म्हणजे येतं आणि जातं. म्हणून मी या पत्रात फादेइच कोण, लिओन्तिच कोण, तमारा कोण हे सगळं लिहिलंय. हसू नकोस. हसलास तरी चालेल, पण पत्र जपून ठेव. एखाद्या दिवशी काही सापडेनासं झालं तर यात बघ.

आणि उशिराचं खरं कारण हे. एक शब्द लिहायचा होता आणि हात धजत नव्हता. हा शब्द मी आयुष्यात कधी माझ्या माणसाबद्दल कागदावर तर सोडच, तोंडातूनही काढला नाही. तुला कडेचा हा शब्द मी दिला, आणि त्या शब्दाची कड संपत नाही हे तू चमचा धरून मला कधीच सांगितलं होतंस. तर आता आईसारखं बोलतो. तिमोशा, मार्चमध्ये ज्या सामन्यानं हंगाम संपला, तो सामना शेवटचा होता. शेवटचा. झालं लिहून. लिहिल्यावर मी टेबलावर टकटक केलं, मग लक्षात आलं की मेणकापडाखाली प्लॅस्टिक आहे, म्हणून उठून दाराच्या चौकटीवर केलं. शब्द माझा आहे, मी लिहिलाय. त्याला कुणाला गाठायचं असेल तर मला गाठेल. मी म्हातारा, दाचावर एकटा, फार शोधावं लागणार नाही. तू सही करू नकोस. हे पत्र इन्नाला वाचायला दे, ईस्टरच्या फोनचा भागसुद्धा, आणि तिच्याबरोबर मोठ्या डॉक्टरकडे जा, क्लबच्या नव्हे. मग निकाला घेऊन इथे या. रास्पबेरी जुलैत पिकेल, मुरांबा मला येत नाही, तमारा शिकवते म्हणालीय. पत्र मिळालं की लगेच कळव. फोन नको, मी पुन्हा हसेन आणि राहून जाईल. कागदावर तो एकच शब्द लिहून पाठव, आईचा, माझा नव्हे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी मला समजेल. मी रोज गावात जाऊन टपालाची पेटी बघणार आहे, आणि तुला माहीत आहे पेटी रिकामी दिसली की मला काय काय सुचतं. म्हणून लवकर पाठव, बाळा.

तुझाच,
पापा